फॉस्फरसची वाट

सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास सारिका घाटगे यांनी आपल्या शेताच्या बांधावरची तांबडी पाटी लोखंडी खांबासकट उपटून आणली आणि धाकट्या बहिणीच्या टेबलावर आडवी ठेवली. खांबाच्या टोकाचा चिखल वृषालीच्या कीबोर्डवर पडला.

"हे घे. तुमच्या ऑफिसचं सामान," सारिका म्हणाली.

वृषाली जगदाळे ही अंबोळी खोरे प्राधिकरणाची जोखीम अधिकारी. खोऱ्यातल्या एकोणीस गावांमधल्या प्रत्येक शेतातून फॉस्फरस वाहून अंबोळी तलावात जाण्याचा धोका किती, याचा आकडा दर सोमवारी जाहीर करणं हे तिचं काम. आकडा ती स्वतः काढत नसे. तो 'प्रवाह' नावाची संगणकप्रणाली काढत असे. लोक मात्र प्रवाहला शिव्या द्यायला कुठे जाणार? त्याला टेबल नव्हतं. वृषालीला होतं.

"ताई, पाटी काढणं हा गुन्हा आहे."

"मग कर तक्रार. तीन वर्षं झाली. चौऱ्याऐंशी, चौऱ्याऐंशी, चौऱ्याऐंशी. शाळेतसुद्धा मला कधी इतके मार्क पडले नाहीत."

"सत्तरच्या वर गेलं की पाटी लागतेच. माझ्या हातात नाही ते."

"तुझ्या हातात काय आहे ते तरी सांग मला." सारिकाने खुर्ची ओढली, पण ती बसली नाही. "कोंबड्यांचं खत शेतात टाकायला बंदी, म्हणून मी शेड बंद केलं. महिला दूध संस्थेत माझं नाव अध्यक्षपदासाठी ठरलं होतं. बायका घरी येऊन म्हणाल्या, वहिनी, तुमच्या शेतावर तांबडी पाटी, तुमच्यामुळं तलाव नासला म्हणतात, यावेळी राहू दे. चहा पिऊन म्हणाल्या. आणि माझी सख्खी बहीण त्या खात्यात अधिकारी. तीन वर्षांत एकदा तरी माझ्या बांधावर आलीस?"

"मला यायची परवानगी नाही. नातेवाइकांच्या शेताची तपासणी..."

"तपासणीला कोण बोलावतंय? मी बहीण म्हणून विचारतेय."

सारिका निघून गेली. पाटी टेबलावरच राहिली. शिपायाने येऊन विचारलं, "मॅडम, ही आवकमध्ये नोंदवू का?"

*

हे सगळं सुरू झालं ते २०३८च्या उन्हाळ्यात. मे महिन्यात अंबोळी तलावावर पोपटी रंगाची जाड साय धरली. ती नील-हरित शैवालाची होती. हे शैवाल विष सोडतं आणि ते विष पाणी उकळूनही जात नाही. काठावर पाणी प्यायलेल्या अकरा म्हशी दोन दिवसांत मेल्या. वरणे शहरातल्या नव्वद हजार लोकांच्या नळाला हेच पाणी होतं. त्या वर्षापासून दर उन्हाळ्यात चार महिने शहर टँकरवर आलं.

शैवालाला हवा असतो फॉस्फरस. शेतातल्या पिकालाही तोच हवा असतो, म्हणून खत टाकायचं. गंमत म्हणजे शेतातून हेक्टरी किलोभर फॉस्फरस वाहून गेला तर शेतकऱ्याला पत्ताही लागत नाही, त्याचं काहीच नुकसान झालेलं नसतं. पण पाण्यात पोचलेल्या एका ग्रॅमवर जवळजवळ शंभर ग्रॅम सुकं शैवाल पोसलं जाऊ शकतं. शेतकऱ्याच्या लेखी नगण्य, तलावाच्या लेखी मरण.

चोर शोधायचा कसा? खोऱ्यात शेतजमिनीचे त्रेचाळीस हजार गट. बहुतेक फॉस्फरस जातो तो वर्षातल्या चार-पाच मोठ्या पावसांत, आणि तोही थोड्याच शेतांमधून. प्रत्येक बांधावर त्या पावसात माणूस उभा करणं शक्य नव्हतं. म्हणून प्रवाह आलं. ते प्रत्येक शेताबद्दल दोन प्रश्न विचारत असे. मातीत फॉस्फरस किती आहे? आणि तो पाण्यापर्यंत पोचायला वाट किती सोपी आहे? पहिल्याचं उत्तर माती परीक्षणातून आणि खतविक्रीच्या नोंदींतून मिळे, दुसऱ्याचं उपग्रहाने काढलेल्या चढउताराच्या नकाशातून. दोन्ही उत्तरांचा गुणाकार म्हणजे शेताचा अंक. भरलेली माती पण वाट नाही, तर धोका कमी. वाट मोकळी पण माती रिकामी, तरी धोका कमी. दोन्ही असतील तर तांबडी पाटी आणि पाच वर्षं फॉस्फरस बंदी.

कल्पना चांगली होती. वृषालीला ती अजूनही चांगलीच वाटत होती, आणि चिडचिड होत होती ती त्याचीच. कारण तीन वर्षांत दोनशे बारा गटांवर पाट्या लागल्या, आणि तलावात येणारा फॉस्फरस होता तेवढाच राहिला.

त्याच दुपारी पुण्याहून हृषीकेश परचुरे पडद्यावर आले. ते प्राधिकरणाचे मुख्य शास्त्रज्ञ. सज्जन माणूस, पण गेल्या वर्षभरात त्यांचा आवाज कायम घाईत असायचा.

"वृषाली, ऑगस्टपासून मर्यादा सत्तरवरून साठवर आणतोय. आणखी तीनशे चाळीस गट येतील. पाट्या तयार ठेव."

"सर, दोनशे बारा पाट्यांनी फरक पडला नाही. साडेपाचशे लावून पडेल असं का वाटतं?"

"कारण फरक पडत नाही याचा अर्थ आपण पुरेसे गट धरले नाहीत."

"किंवा चुकीचे धरले."

परचुरेंनी घड्याळाकडे पाहिलं. "पुरावा असेल तर पाठव. नमुना आहे ना त्याला."

नमुना होता. क्षेत्रीय निरीक्षणाचा अर्ज, अडतीस रकाने. वृषालीने त्याच संध्याकाळी ताईच्या गट नंबर ३१७ साठी तो भरला. 'उतारात बदल झाला आहे का' असा रकाना होता, पण त्यात फक्त उपग्रहाचा संदर्भ क्रमांक लिहिता येत होता. तिने शेरा लिहिला : नकाशा २०३४ चा आहे, प्रत्यक्ष पाहणी आवश्यक. चाळीस सेकंदांत उत्तर आलं. "निरीक्षण ग्राह्य नाही. कारण : निरीक्षकाचे शेतमालकाशी नाते."

तिने दुसऱ्या तालुक्यातल्या अधिकाऱ्याच्या नावाने विनंती टाकली. उत्तर आलं, "सदर अधिकाऱ्यास या खोऱ्याचा अधिकार नाही." मग तिने पुण्याला फोन लावला. तिथल्या मुलीने अतिशय गोड आवाजात सांगितलं की मॅडम, अशा बाबतीत स्थानिक जोखीम अधिकाऱ्यांशी संपर्क साधावा.

"मीच ती," वृषाली म्हणाली.

"मग तुम्ही अर्ज करू शकता," मुलगी म्हणाली.

*

गुरुवारी तिने रजा टाकली. हवामान खात्याने मुसळधार पावसाचा इशारा दिला होता आणि सकाळी आठपासूनच आभाळ फुटलं होतं. ती रेनकोट घालून, पिशवीत बारा बाटल्या आणि पेनाएवढं फॉस्फरस मोजायचं यंत्र घेऊन हिंगणवाडीला पोचली तेव्हा सारिका गोठ्याच्या दारात उभी होती.

"आज कशी परवानगी मिळाली?"

"रजेवर आहे. बहीण म्हणून आलेय."

"बहीण म्हणून बाटल्या घेऊन?"

"हो."

सारिकाने तिच्याकडे नीट पाहिलं, डोक्यावर पोतं घेतलं आणि पुढे चालू लागली.

शेत उतारावर होतं आणि खाली शंभर पावलांवर ओढा. नकाशावर हे शेत बघणाऱ्या कोणालाही वाटलं असतं की इथून सगळं थेट ओढ्यात जातं. पण वृषालीला समोर दिसत होते ते पाच आडवे बांध, उताराला छेद देऊन घातलेले. प्रत्येक बांधामागे पाणी साचून शांतपणे मुरत होतं. शेवटच्या बांधाखाली तीस फूट रुंदीचा गवताचा पट्टा होता, गुडघाभर वाढलेला. एवढ्या पावसातही ओढ्याकडे जाणारं पाणी मनगटाएवढ्या एका धारेचं होतं आणि तेही गवतातून गाळून येत होतं.

"हे कधी केलंस?"

"छत्तीस साली. तुझे भाऊजी गेले त्याच्या आदल्या वर्षी. त्यांनी स्वतः ट्रॅक्टर चालवला."

वृषालीने धारेखाली बाटली धरली. यंत्राला दहा मिनिटं लागत. दोघी पावसात उभ्या राहिल्या. आकडा आला, लिटरला शून्य पूर्णांक शून्य पाच मिलिग्रॅम. ओढ्यात आधीपासून होता तेवढाच. तिने तीन वेळा मोजलं.

ताईच्या मातीत फॉस्फरस भरपूर होता, त्यात खोटं काहीच नव्हतं. वर्षानुवर्षं कोंबडीखत पडलेलं. पण तो तिथेच होता. त्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. ती वाट एका माणसाने छत्तीस साली बंद केली होती, आणि नकाशा होता चौतीसचा.

"काय आलं?" सारिकाने विचारलं.

"तुझ्या शेतातून काही जात नाही."

सारिकाला आनंद होईल असं वृषालीला वाटलं होतं. पण तिचा चेहरा आणखीच कडक झाला.

"हे बघायला तुला किती वेळ लागला?"

"अर्धा तास."

"अर्धा तास," सारिका म्हणाली. "तीन वर्षं मी घरातल्या घरात विचार करत होते की खरंच आपल्यामुळं त्या म्हशी मेल्या का. यांनी घातलेले बांध कमी पडले का. आणि तू अर्धा तास काढला नाहीस."

पाऊस ओसरला होता. वृषाली काहीतरी बोलणार होती, पण जे बोलावं ते सगळं नियमावलीतलंच वाक्य वाटत होतं. सारिका घराकडे वळली आणि चालता चालता, मागे न बघता म्हणाली, "जेवणार आहेस का अजून बाटल्या भरायच्यात?"

वृषाली जेवली.

*

ताईच्या शेतातून जात नसेल तर कुठून जात होता?

शनिवारी ती ओढ्याच्या काठाने चालायला लागली. हिंगणवाडीच्या पुलापासून तलावापर्यंत नऊ किलोमीटर. पाऊस थांबून दीड दिवस झाला होता, शेतांतून वरून वाहणारं पाणी बंद झालं होतं. दर पाचशे पावलांवर ती यंत्र बुडवून मोजत होती. शून्य पूर्णांक शून्य पाच. शून्य पूर्णांक शून्य पाच. शून्य पूर्णांक शून्य सहा. मग बेडगूर गावाची शीव लागली, आणि पुढच्या आकड्याला ती थांबली. शून्य पूर्णांक एकतीस.

इथली जमीन तव्यासारखी सपाट होती. दोन्ही काठांना काळ्या रानात ऊस. वरून एक थेंबही ओढ्यात येत नव्हता. प्रवाहने या सगळ्या गटांना दहा-अकरा असे अंक दिले होते, खोऱ्यातले सर्वांत सुरक्षित म्हणून. आदर्श गाव म्हणून बेडगूरचा सत्कारही झाला होता.

ती शंभर पावलं मागे आली आणि बेशरमाच्या झुडपांमागून पाण्याचा आवाज आला. झुडपं बाजूला करायच्या आधीच तिला कळलं होतं तिथे काय आहे. काठाच्या पोटातून आठ इंची काळा पाईप बाहेर आला होता आणि त्यातून नितळ पाणी पडत होतं. इतकं स्वच्छ की ओंजळ धरावी. तिने बाटली धरली. एक पूर्णांक बेचाळीस.

ती तिथेच चिखलात बसली. हा पाईप तिनेच टाकला होता.

२०२८ साली ती सव्वीस वर्षांची कृषी अधिकारी होती, आणि बेडगूरची एकशे साठ एकर जमीन क्षारपड होऊन पांढरी पडली होती. वर्षानुवर्षं अति पाणी दिल्याने खालचे क्षार वर आले होते, गवतसुद्धा उगवत नव्हतं. वृषालीने सत्तेचाळीस शेतकऱ्यांची संस्था उभी केली, जमिनीत चार फुटांवर छिद्रांचे पाईप अंथरले, क्षार धुऊन ओढ्यात काढले. मग माती सुधारायला साखर कारखान्यातली प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला फॉस्फरसयुक्त गाळ, टाकायला सांगितली. तिसऱ्या वर्षी तिथे ऊस उभा राहिला. तिच्या नोकरीतलं हे एकमेव काम होतं ज्याचा विचार करून तिला आजही बरं वाटायचं.

आता सगळं सरळ दिसत होतं. मातीचा कण फॉस्फरस धरून ठेवतो, पण त्याच्याकडे जागा मोजकीच असते. पंधरा वर्षं प्रेसमड आणि रासायनिक खत पडून ती जागा संपली होती. शिवाय काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. वरचं पाणी त्या भेगांमधून विरघळलेला फॉस्फरस घेऊन सरळ चार फूट खाली, तिथून पाईपमध्ये, पाईपमधून ओढ्यात. प्रवाह जमिनीच्या वरची वाट शोधत होतं. ही वाट खाली होती. पाईपांचे नकाशे कागदावर होते आणि ते कागद वृषालीच्याच कपाटात होते. कोणी मागितले नाहीत. अडतीस रकान्यांत पाईपाचा रकाना नव्हता. पण पाईप आहेत हे तिला ठाऊक होतं. तीन वर्षं ती त्याच कपाटाला पाठ करून ताईचा आकडा जाहीर करत होती.

*

अहवाल पाठवण्याआधी ती मगदूम अण्णांकडे गेली. रावसाहेब मगदूम, वय चौऱ्याहत्तर, निचरा संस्थेचे पहिल्या दिवसापासूनचे अध्यक्ष. ते उसाच्या कडेला खुरपं घेऊन बसले होते.

"या मॅडम. लई दिसांनी."

तिने सगळं सांगितलं. अण्णांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"आमचा आकडा किती सध्या?" शेवटी त्यांनी विचारलं.

"अकरा."

"मग अकराच ऱ्हाऊ दे की."

"अण्णा, तो खोटा आहे."

"तुमच्या यंत्रानंच काढलाय न्हवं? आम्ही तर मागितला नव्हता." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "हितं काय हुतं ते तुम्ही बघितलंय. पांढरं फटक रान. माझा थोरला त्यापायी गाव सोडून गेला तो आलाच न्हाई. तुम्ही आला, पाईप टाकलं, आम्ही तुमच्या शब्दावर प्रेसमड टाकली. आता तुम्हीच म्हणताय आम्ही पाण्यात विष सोडलं. पाईप बुजवायचं म्हणताय?"

"नाही. पाईप बुजवले तर दोन वर्षांत पुन्हा मीठ वर येईल. पाईपाच्या तोंडाशी खड्डा काढायचा आणि त्यात जांभा दगड फोडून भरायचा. जांभ्यात लोखंड असतं, ते फॉस्फरस धरून ठेवतं. पाणी त्यातून गाळून सोडायचं. आणि प्रेसमड बंद, काही वर्षं तरी."

"आणि पाट्या?"

तिने उसाकडे पाहिलं. नियम तिला पाठ होता.

"म्हणजे पाट्या बी लागणार," अण्णा म्हणाले. "मॅडम, एक विचारतो. हे तुमच्याशिवाय कुणाला म्हाईत हाय?"

"कुणालाच नाही."

"मग?"

ती उठली. "मला माहीत आहे, अण्णा. तेवढं पुरे आहे."

त्यांनी तिला थांबवलं नाही, आणि निरोपही दिला नाही.

परचुरेंनी अहवाल दोनदा वाचला. "आकडे बरोबर दिसतात," ते म्हणाले, "पण तुझ्या लक्षात येतंय का? प्रवाह एका गावात चुकलं म्हटलं की साडेपाचशे लोक उद्या कोर्टात जातील, आमचाही आकडा चुकला म्हणून. काहींचा बरोबर आहे, वृषाली. काहींच्या शेतातून खरंच जातंय."

"मग त्यांच्याही बांधावर जावं लागेल. अर्धा तास लागतो."

"त्रेचाळीस हजार अर्धे तास?"

"साडेपाचशे. ज्यांना शिक्षा द्यायची तेवढ्यांचे तरी."

"आणि लोक म्हणतील, हिने बहिणीला सोडवलं."

"म्हणू देत. त्याच अहवालात मी स्वतःलाही धरलंय. बेडगूरचा आराखडा माझ्या सहीचा आहे, तो जोडलाय."

परचुरेंनी चष्मा काढून डोळे चोळले. "फार त्रासदायक बाई आहेस तू," ते म्हणाले, आणि अहवाल पुढे पाठवला.

*

वरण्याच्या सभागृहात सप्टेंबरमध्ये जनसुनावणी झाली. वृषालीने पाईपाचा नकाशा पडद्यावर दाखवला आणि तो कोणी काढला तेही सांगितलं. सारिका तिसऱ्या रांगेत बसली होती. दूध संस्थेच्या बायका तिच्या मागे होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं, पण सारिकाने मागे वळून पाहिलं नाही. बेडगूरचे शेतकरी वृषालीचं बोलणं पुरं व्हायच्या आत उठून गेले.

प्रवाहमध्ये पाईपांची आणि बांधांची नोंद झाली. गट नंबर ३१७ चा अंक चौऱ्याऐंशीवरून बावीसवर आला आणि बेडगूरच्या सत्तेचाळीस गटांचा अठ्ठ्याऐंशीवर गेला. वृषालीने मागणी केली होती की पाट्यांऐवजी खड्ड्यांसाठी सहा महिने मुदत द्यावी. मंडळाने मुदत दिली, पण तसं कळवणारं पत्र पोचायच्या आधीच ठेकेदार पाट्या ठोकून गेला. मग त्या काढण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागला, सत्तेचाळीस प्रतींत.

पाच महिने बेडगूरचं कोणी तिच्याशी बोललं नाही. ओढ्यावर मोजायला गेली की माणसं उसात शिरत. संस्थेने स्वतःचं यंत्र मागवलं, तिचा आकडा खोटा ठरवायला. अण्णांनी गावासमोर आपल्या हाताने पाईपाखाली बाटली धरली. एक पूर्णांक एकोणचाळीस आला. त्यांनी बाटली रिकामी केली, पुन्हा भरली, पुन्हा तेवढंच आलं. हे वृषालीला नंतर कळलं, दुसऱ्या कोणाकडून तरी.

जानेवारीत अण्णांनी आपल्या पाईपाच्या तोंडाशी बारा फुटी खड्डा काढायला घेतला. घाटाखालून जांभ्याचे दोन ट्रक आले. त्यांनी वृषालीला बोलावलं नाही, पण खड्ड्याची मापं तिच्या अहवालातलीच होती. पावसाळ्यात खड्ड्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा आकडा शून्य पूर्णांक पस्तीस आला. पुढच्या वर्षभरात अठरा खड्डे झाले, त्याच्या पुढच्या वर्षी उरलेले बारा. पाईपांची एकतीसही तोंडं झाली.

*

२०४६च्या मार्चमध्ये वरण्याला पुन्हा सभा भरली. यावेळी परचुरे स्वतः आले होते आणि खुशीत होते. ओढ्यातून तलावात येणारा फॉस्फरस निम्म्यावर आला होता. देशात कुठेच इतक्या लवकर असं झालं नव्हतं, असं त्यांनी सांगितलं. टाळ्या झाल्या.

मग वरण्याच्या शाळेतल्या एक बाई उठल्या. "निम्म्यावर आला ते ठीक आहे. पण तलाव कालच पुन्हा हिरवा दिसायला लागलाय. टँकर बंद कधी होणार?"

परचुरेंनी वृषालीकडे पाहिलं. येताना गाडीत त्यांनी सांगून ठेवलं होतं, 'लवकरच सुधारणा दिसेल' एवढंच म्हण.

"तलावाच्या तळाला गाळ आहे," वृषाली म्हणाली. "इतकी वर्षं आलेला फॉस्फरस त्यात साठलाय. उन्हाळ्यात तळाचं पाणी गुदमरलं की गाळ तो पुन्हा सोडतो. आपण नवीन येणं थांबवलं तरी जुनं संपायला वेळ लागेल. बारा वर्षं. कदाचित पंधरा."

सभागृहात गलका झाला. कोणी म्हणालं, मग हे सगळं कशासाठी केलं. कोणी म्हणालं, आम्हाला फसवलं. एक माणूस खुर्ची सरकवून बाहेर गेला. परचुरे माईककडे हात पुढे करत होते, वृषालीने तो दिला नाही.

मागच्या बाजूने मगदूम अण्णा उठले. अडीच वर्षांत ते तिच्याशी एक शब्दही बोलले नव्हते. सुनेच्या खांद्याचा आधार घेऊन ते उभे राहिले, आणि गलका कमी होईपर्यंत थांबले.

"मॅडम, मी सत्त्याहत्तरचा हाय. म्हणजे मी काय ते पाणी निवळलेलं बघणार न्हाई."

"नाही, अण्णा," वृषाली म्हणाली. "बहुतेक नाही."

"बरं." त्यांनी सुनेच्या खांद्यावर हात नीट टेकवला. "खड्ड्यातला जांभा बदलावा लागतो म्हणालेला तुम्ही. किती वर्सांनी?"

"चार वर्षांनी. जागा भरली की तो धरायचा बंद होतो."

"म्हणजे पंधरा वर्सांत तीन-चारदा. एकतीस खड्डं." त्यांनी सभेकडे नाही, तिच्याकडेच बघत विचारलं, "हे कुठं लिहिलेलं हाय का? कुणी, कवा बदलायचं ते?"

वृषालीने मनातल्या मनात अडतीस रकाने चाळले. "नाही. तसा रकाना नाही."

"मग कागूद घ्या आणि लिहा. बेडगूर, खड्डं एकतीस, पहिली पाळी अठ्ठेचाळीस साली." त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या सुनेकडे बघितलं. "आणि माझ्यामागं बघणार कोण, तिचं नाव बी लिहा. अश्विनी सुकुमार मगदूम. पोरांचं नका लिहू, ती विसरत्यात."

"मामंजी, मला विचारलं तरी का?" अश्विनी म्हणाली.

"विचारतोय की आता. चारचौघांत."

अश्विनीने एक सुस्कारा टाकला, जसा बायका रोज पन्नास कामांपुढे टाकतात, आणि वृषालीला म्हणाली, "लिहा, मॅडम. 'नी'ची वेलांटी दुसरी."

वृषालीने सभेची कार्यक्रमपत्रिका उलटी केली आणि तिच्या कोऱ्या बाजूला नाव लिहायला घेतलं.